मिठात ठेवलेली मोटार

नाथाची मोटार बंद पडली तेव्हा शीळफाट्यापासून कोलशेतपर्यंत तिला बैलांनी ओढत आणावं लागलं. दुसरा कोणी असता तर मान खाली घालून मागून चालला असता. नाथा मात्र आत ऐटीत बसला होता आणि बघायला जमलेल्यांना हातानंच बाजूला व्हायला सांगत होता. माणूस असा! दुसरं महायुद्ध संपल्यावर कल्याणच्या छावणीतल्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा खाडीकाठचा भाताचा तुकडा विकून त्यानं ही मोटार घेतली होती. सहा वर्षं लग्नाची वऱ्हाडं वाहिली, गावोगाव मिरवलं. मग इंजिनानं मान टाकली आणि बापलेक पुन्हा मिठागरावर मजुरीला लागले.

बाप म्हणजे नाथा, लेक म्हणजे आनंदा. घरात बाईमाणूस नाही. आनंदाची आई मोटार यायच्या आधीच गेली. आनंदाचं वय सव्वीस झालं तरी लग्न नव्हतं, कारण आगऱ्यांच्यात मुलीच्या बापाला देज द्यायचं ते नवऱ्याकडच्यांनी, आणि देजाचे पैसे मोटारीत जाऊन बसलेले. दोन सोयरिकी त्यापायी मोडल्या. तिसरी मानपाड्याच्या काळुरामच्या हेमाची. मुलगी आनंदाच्या मनात भरलेली, तीही त्याच्यासाठी अडून बसलेली. काळुरामनं सांगितलं, "तुलशीच्या लग्नापरयंत थांबतो. अडीचशे आन. मंग मना बोलू नको."

चैत्रात कल्याणचा पोपटराव येऊन मोटार बघून गेला. मूळचा साताऱ्याकडचा, जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करायचा, भाड्याला लावायचा. खाली झोपून त्यानं सगळं ठोकून पाहिलं. "इंजिन गेलंय, पण बॉडी एकदम मजबूत," तो म्हणाला. "दुसरं इंजिन टाकतो. दिवाळी झाली की ट्रक घेऊन येतो, अडीचशे रोख. फक्त पावसात भिजू देऊ नका, दादा."

नाथानं ते असं मनावर घेतलं की स्वतःचं घर गळत ठेवून त्यानं मोटारीवर नवा मांडव घातला. वर झावळ्या, बाजूंना तट्टे. एक थेंब आत जाईल तर शपथ. मृगाच्या तोंडावर मिठागराच्या मालकानं मजुरीच्या बदल्यात बारा गोणी मीठ दिलं. झोपडीत जागा नव्हती. नाथानं मागच्या बाकाखाली, बाकावर, पुढं पायाशी, सगळीकडे गोण्या रचल्या आणि दारं घट्ट लावून घेतली. एका दगडात दोन पक्षी मारल्यासारखा तो खूश झाला. मासळी मिठात वर्षभर टिकते, मग मोटारीला काय धाड भरली होती?

आता ह्याला काय म्हणावं? मिठागरात लोखंडाचं फावडं कोणी नेत नाही, लाकडाचंच नेतात, हे नाथाला चालता येऊ लागलं तेव्हापासून ठाऊक. पण मोटार म्हणजे लोखंड, हे त्याच्या मनात कधी आलंच नाही. त्याच्या लेखी ती मोटार होती.

दिवाळी झाली आणि पोपटराव शब्दाला जागून ट्रक घेऊन आला. खिशात अडीचशे होते. बसल्याबसल्या त्यानं ते दाखवलेसुद्धा. नाथानं नवीन टोपी घातली होती. आज पैसे, उद्या मानपाडा, परवा लग्नाची तिथी, असा त्याचा बेत.

मांडव सोडला. हिरवा रंग उन्हात चकाकला. पोपटरावनं दार ओढलं तर मूठ हातात आली. आत गोण्या अर्ध्यावर बसल्या होत्या, पावसाळी हवेनं मिठाला पाणी सुटून ते चार महिने खाली झिरपलं होतं. पोपटरावनं एक पाय आत ठेवला. पाय पत्र्यातून आरपार जाऊन जमिनीला टेकला.

पोपटराव खाली वाकला, स्प्रिंगा, पट्ट्या, सांगाडा, जिथं हात लावील तिथं लोखंडाचे पापुद्रे निघत होते.

"दादा, हे काय करून ठेवलंत?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते नाथाला जास्त लागलं. "नुसत्या रंगावर उभी आहे ओ ही. चाकं, काचा आणि दिवे घेतो. चाळीस देतो. तेवढेही निघणार नाहीत माझे."

"भिजू नाय दिली मी," नाथा म्हणाला. "एक थेंब नाय. बघा ना, वरून कशी हाय ती!" मग तो पोपटरावच्या पाया पडायला वाकला. दीडशे द्या म्हणाला, शंभर द्या म्हणाला, पोराचं लग्न आहे म्हणाला. पोपटरावनं त्याला उठवलं आणि चाळिसाचे पन्नास केले. त्याच्यानं तेवढंच होण्यासारखं होतं.

दुपारपर्यंत चाकं निघाली आणि ट्रक गेला. मोटार पोटावर बसली. नाथानं पन्नास रुपये मुठीत धरले होते.

"मी जातो मानपाड्याला," तो म्हणाला. "काळुरामच्या पायावर डोका ठेवतो. शिमग्यापरयंत थांब बोलतो. पोरगी अडून हाय, थांबंल तो."

आनंदा ओलं मीठ पाटीत भरत होता. त्यानं हात थांबवला नाही.

"नको जाऊस, बाबा. हेमाचा साखरपुडा जाला. दिवा गावाला दिली."

"कवा?"

"भादव्यात. श्रावनात मी गोनी काढाया गेलो तं गाडीचा पतरा हातात आला. गाडी तवाच गेलेली. मंग मीच जाऊन सांगितला काळुरामला, पोरीला अडकवू नका. तिलापन मीच समजावली."

सगळ्या पावसाळ्यात पोरानं एका शब्दानं कळू दिलं नव्हतं. शिव्या घातल्या असत्या, अंगावर धावून आला असता तर बरं झालं असतं, असं नाथाला वाटलं.

"मना कनाला नाय सांगितलास?"

"सांगितला असता तं तू तवाच मेला असतास," आनंदा म्हणाला. "म्हटला, दिवाली तरी करशील."