शेपटीत राहिलेला टॉर्च

मी टॉर्च बोलतोय. वीतभर लांबीचा, काळ्या धातूचा, खिशाला अडकवायची क्लिप असलेला. माझ्यापेक्षा झगझगीत टॉर्च आता बाजारात ढिगाने मिळतात, हे मला मान्य आहे. पण त्यांच्यातल्या एकाच्याही अंगावर तेवीस वर्षांचे दातांचे वण नसतील. माझ्या अंगावर आहेत, आणि मला त्यांचा गर्व आहे.

हे दात मामांचे. मामा विमानांचे मेकॅनिक. विमानं दुरुस्तीला उभी करतात त्या अवाढव्य हँगरमध्ये लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात, आणि त्यांच्या बायकोला अर्थातच मामी. मामांना लायसन्स मिळालं त्या दिवशी मामींनी मला दुकानातून आणलं. "अंधारात धडपडू नका," एवढंच म्हणाल्या. विमानाच्या पोटात शिरलं की दोन्ही हात कामात अडकतात. मग मी कुठे जाणार? मामांच्या तोंडात. मामा सकाळी कच्चा कांदा खाऊन यायचे. सुरुवातीला मला किळस यायची, पुढे कांद्याशिवाय चुकल्या चुकल्यासारखं वाटू लागलं.

खिशात बसून मी हँगरची एक रीत पाहिली. चुका तिथे होत, जशा सगळीकडे होतात. पण त्या कुणी बोलून दाखवत नसे. कारण मोठे साहेब. हँगरचे प्रमुख, वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसणारे. काही बिघडलं की ते जिना उतरून येत आणि एकच प्रश्न विचारत, "कुणाचं काम हे?" सापडला त्याचं नाव महिनाभर नोटीस बोर्डावर. एकदा एका रंगाऱ्याने आपणहून सांगितलं की डब्याचं झाकण पंखात पडलंय. झाकण निघालं, आणि रंगारी गोदामात चिंध्या मोजायला बसला तो बसलाच. तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

मग वरून हुकूम आला की विमान कंपन्यांनी सुरक्षेचं काम नव्या पद्धतीने चालवायचं, आणि त्यासाठी एक बाई रुजू झाल्या. दुपारपर्यंत त्यांचं नाव सेफ्टीबाई पडलं. मामा नाक मुरडायच्या तयारीतच होते. पण बाईंच्या मनगटावर जुना भाजल्याचा डाग होता. त्यांनी स्वतः बारा वर्षं इंजिनं उघडली होती. अशा माणसाला उडवून लावता येत नाही.

"विमान पडल्यावर चौकशी करण्यात काय शहाणपण?" बाई पहिल्याच सभेत म्हणाल्या. "पडू शकेल असं काही दिसलं, की त्याच दिवशी सांगा. स्वतःच्या हातून झालं असेल तरी सांगा. कोण चुकलं हे मला नंतरही चालेल. का चुकलं ते आधी हवंय."

त्यांनी हात धुवायच्या बेसिनशेजारी एक पिवळी पेटी लावली. शेजारी एक कागद चिकटवला: आपली चूक आपणहून सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही. खाली मोठ्या साहेबांची हिरव्या शाईतली सही. हिरवी शाई अख्ख्या हँगरमध्ये साहेबच वापरत. सही करताना त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं म्हणे.

पहिल्या आठवड्यात पेटीत तीन चिठ्ठ्या निघाल्या. चहा गार येतो. पंखा कुरकुरतो. तिसरीत कुणीतरी बोकडाचं चित्र काढलं होतं, त्याला साहेबांसारख्या मिशा होत्या. मामा पोट धरून हसले. पण बाईंनी चहाचा थर्मास बदलला, पंख्याला तेल घातलं आणि बोर्डावर लिहिलं: 'दोन कामं झाली. चित्र छान आहे.' मामांनी ते दोनदा वाचलं.

दुसरं काम बाईंनी हत्यारांचं केलं. भिंतीवर एक मोठा बोर्ड. प्रत्येक पाना, पक्कड, हातोडी यांची बाह्यरेषा त्यावर रंगवलेली. काम संपलं की हत्यार आपल्या आकारात परत. एकही आकार रिकामा असेल तर विमान सोडायचं नाही. घरून आणलेली हत्यारं एकतर नोंदवायची, त्यावर नंबर घालायचा, नाहीतर घरी ठेवायची. रोज सकाळी वहीत सही करायची की माझ्याकडे खासगी हत्यार नाही.

मामांनी मला खिशात खोल सरकवलं. "बायकोने दिलेल्या वस्तूवर नंबर घालायला मी काय कैदी आहे?" असं पुटपुटले आणि सही ठोकून मोकळे झाले. कैदी मी होणार होतो, मामा नव्हे, पण तो मुद्दा सोडा. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. हे खोटं आम्ही दोघं रोज सकाळी मिळून बोलत होतो.

मग ती सकाळ. विमान साडेनऊला सुटायचं. मामा शेपटीतल्या लहान झाकणातून आत शिरले, मला तोंडात धरून तारा तपासू लागले. वैमानिक या तारांनीच विमानाचं नाक वर-खाली करतो. इतक्यात कमरेचा वॉकीटॉकी खरखरला. "मामा, पुढच्या चाकाकडे या. आत्ता." मामांनी मला एका पट्टीवर ठेवलं, चालूच, आणि बाहेर पडले. परत यायचंच होतं ना. पण पुढचं चाक वेळ खाऊन गेलं, आणि तोवर दुसऱ्या एका मेकॅनिकने झाकण लावून टाकलं, आणि घाईत मामाही मला विसरले. बोर्डावरची हत्यारं मोजली. सगळे आकार भरलेले. विमान सुटायला मोकळं.

आत मी एकटा. वर पावलं वाजली, सामान धपधप पडलं, कुणी शिंकलं. मग इंजिनं सुरू झाली आणि मी घरंगळलो. माझ्याच उजेडात मला तारा सरकताना दिसत होत्या, आणि मी त्यांच्याकडेच चाललो होतो. तारांच्या चाकात माझ्याएवढा दांडगा तुकडा अडकला तर काय होईल, हे तेवीस वर्षं विमानात काढलेल्याला कुणी सांगावं लागत नाही. मी भ्यालो. माणसांनी भरलेल्या विमानाला माझ्यामुळे काही व्हावं यापेक्षा त्या दुकानातच गंजलो असतो तर बरं, असं वाटलं.

तिकडे कॅन्टीनमध्ये मामांनी चहाचा कप उचलला आणि सवयीने छातीवरचा खिसा चाचपला. पुढचं मला नंतर कळलं, कारण कॅन्टीनवाला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. मामांचा चेहरा पांढरा पडला. त्याच महिन्यात मामांचं नाव मुख्य तपासनीस म्हणून पुढे गेलं होतं. मामींनी त्यासाठी नवा शर्ट इस्त्री करून ठेवला होता. आणि मामांवाचून कुणालाही, अगदी कुणालाही, हे कधी कळलं नसतं. बोर्ड भरलेला होता. वही सांगत होती की मामांकडे टॉर्च नाहीच.

कॅन्टीनवाला म्हणतो, मामा दोन श्वास उभे राहिले. मग कप तसाच टाकून भिंतीवरच्या फोनकडे धावले.

"विमान थांबवा. शेपटीत टॉर्च राहिलाय. नाही, बोर्डावरचा नाही, माझा आहे. खासगी. मी खोटी सही केली होती. मी मामा बोलतोय."

धावपट्टीच्या तोंडाशी आलेलं विमान थांबलं. इंजिनं शांत झाली तेव्हा मी तारांपासून चार बोटांवर होतो. झाकण उघडलं आणि आत हात आला तो मामांचाच. त्याने मला मुठीत घट्ट आवळलं.

मोठे साहेब जिना उतरून आले. सगळा हँगर गोळा झाला होता. साहेबांनी मला हातात घेतलं, दातांचे वण पाहिले आणि सवयीने म्हणाले, "कुणाचं काम हे?"

"माझं, साहेब," मामा म्हणाले. "फोनवर सांगितलंच आहे."

सेफ्टीबाई बेसिनशेजारच्या कागदाकडे, हिरव्या सहीकडे बघत राहिल्या. साहेबांनीही तिकडे पाहिलं. दोन-तीनदा घसा साफ केला.

"बरं," ते म्हणाले. "का राहिला हा?"

तेवीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून 'का' पहिल्यांदा ऐकला. मागून कुणीतरी खुदकन हसलं, आणि मग मामांनी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता साहेब खाली बघायला लागले आणि मला मामांच्या हातात देऊन वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पेटीत अकरा चिठ्ठ्या निघाल्या. सैल शिडी, फिकट पडलेला आकड्यांचा तक्ता, झाकण न बघता लावणाऱ्या मेकॅनिकची कबुली. बाई एकेक वाचत होत्या. अकरावी उघडली आणि त्या थबकल्या. शाई हिरवी होती.

'शेपटीत काम चालू असताना मामांना वॉकीटॉकीवरून मध्येच बोलावणारा मी. काम थांबवायला लावायचं कारणही काही मोठं नव्हतं.'

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण दुपारचा चहा साहेब सगळ्यांबरोबर उभ्याने प्यायले. चहा गरम होता. तेव्हापासून शेपटीत शिरलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही, आणि ज्याने झाकण उघडलं त्यानेच ते लावायचं असतं.

टॉर्च विसरण्याबद्दल मामांना कुणी बोललं नाही. खोट्या सहीबद्दल मात्र बाईंनी त्यांना समोर बसवून चांगलं सुनावलं, आणि तपासनिसाची जागा सहा महिने पुढे गेली. मामांना ते पटलं. तो शर्ट त्यांनी सहा महिन्यांनी घातला, तेव्हा मामींना पुन्हा इस्त्री करावी लागली. "घरात तेवीस वर्षं एक चूक कबूल केली नाही," मामी म्हणाल्या, "आणि तिथे फोनवरून?" पण हे सांगताना त्या हसत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते.

माझ्यावर आता नंबर आहे, सत्तेचाळीस. रंगवला तो त्याच रंगाऱ्याने. गोदामातून तो परत आलाय. दातांच्या वणांना त्याने धक्का लावला नाही. बोर्डावर वरच्या रांगेत माझा आकार आहे, मापात बसणारा, आणि खरंच सांगतो, त्या खिशापेक्षा मला इथे हलकं वाटतं.

कधी इकडे आलात तर बोर्डाकडे नजर टाका. दिवसा माझी जागा रिकामी दिसली तर घाबरू नका, मी मामांच्या तोंडात असेन. पण विमान सुटायची वेळ झाली आणि जागा रिकामीच असेल, तर आपला काय संबंध म्हणून गप्प राहू नका. फोन समोरच्याच भिंतीवर आहे.