बिटकॉइनला रिकामं बोट हवं

लाटांवर फळी टाकून तिच्यावर उभं राहणाऱ्यांची स्पर्धा या वर्षी आमच्या किनाऱ्यावर भरायची होती. त्यासाठी बदामाच्या झाडांपासून खडकापर्यंत दोरी बांधली गेली आणि एक फतवा निघाला. दोरीच्या आत ज्याची टपरी आहे त्याने फोनवर बिटकॉइन घ्यायचं. जमत नसेल तर आठवडाभर फळ्या लावून घरी बसायचं.

निन्या चेंताची पुपुसांची, म्हणजे मक्याच्या भरल्या भाकऱ्यांची, टपरी दोरीच्या अगदी आत होती. आमच्याकडे नातवंडं झाली तरी बाई निन्याच, म्हणजे पोरगीच, राहते, आणि चेंताला तर सहा नातवंडं होती. स्पर्धेच्या आठवड्यात तिचा तवा पहाटेपासून थंड होत नसे. पुढचे कित्येक महिने किनाऱ्यावर खेकड्यांशिवाय कोणी फिरकत नाही, तेव्हा घर चालायचं ते याच आठवड्यावर.

"घेऊ की बिटकॉइन," चेंता म्हणाली. "मी तर शाळेतल्या मुलांकडून फाटक्या नोटासुद्धा घेते."

राजधानीहून बिटकॉइनच्या कंपनीने एल्मर नावाचा पोरगा पाठवला. विरळ दाढी, छातीवर नारिंगी नाणं छापलेला सदरा, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "एकदम सोपं आहे". त्याने चौकोनी ठिपक्यांचा एक कागद टपरीच्या खांबाला चिकटवला आणि टपरीच्या पुढच्या फळीवर एक फोन उभा केला.

"गिऱ्हाईक या कागदासमोर आपला फोन धरेल. तुमच्या फोनवर किंमत दिसेल. तुम्ही मान्य केलं की पैसे तुमचे. एकदम सोपं आहे."

"आणि नाणं कुठंय?"

"नाणं नसतंच, निन्या चेंता. जगभरातल्या यंत्रांमध्ये त्याची नोंद असते."

"म्हणजे नाही."

"आहे. फक्त दिसत नाही."

चेंताने पिठाचा गोळा हातात फिरवला. "पाद्रीबाबांनी मला स्वर्गातली जागा अशीच दिली आहे. पण ते बिचारे रोख घेतात."

मी बाकावर कॉफी पीत होतो. मी जन्मभर लहान मुलांना अपूर्णांक शिकवले. जे दिसत नाही ते आहे असं पटवणं हेच माझं काम होतं, त्यामुळे मला गप्प बसवेना.

"चेंता, शून्य तुला हातात धरता येतं का? तरी शंभरातली दोन शून्यं पुसून बघ, काय होतं ते."

"प्रोफे, शाळेतही तुम्ही असंच काहीतरी बोलायचात, आणि मी घरी जाऊन मार खायचे," ती म्हणाली. पण मान्य केलं. दोरीच्या आत राहायचं म्हटल्यावर शून्यसुद्धा मान्य.

अडचण आली ती पुढे. दर विक्रीला फोन विचारायचा, मान्य करणारी तू खरंच चेंता आहेस का? त्यासाठी एल्मरने तिला एक गुप्त आकडा ठरवायला सांगितलं. कोणाला कळता कामा नये असा, पण आपल्याला नक्की आठवेल असा.

चेंताने विचार केला, मग मागे खांबांना टांगलेल्या झोळीकडे बघून ओरडली, "म्हाताऱ्या! आपलं लग्न कोणत्या साली झालं?"

झोळीत तिचा नवरा ताचो होता. तो तिथेच असायचा. त्याने डोळे न उघडता एक साल सांगितलं. ते चुकीचं आहे, असं रांगेतल्या तिघांनी सांगितलं. मासेवालीने बरोबर साल सांगितलं, वर त्या दिवशी बँडवाले कसे तर्र होते तेही. एल्मरने डोक्याला हात लावला आणि दुसरा आकडा ठरवायला सांगितला.

"निन्या चेंता, या वेळी मनात."

"मनातच," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने मासेवालीला विचारलं, "अगं, माझ्या सुनेचा, सेबास्तियानाचा थोरला कोणत्या सालचा?"

तेव्हा एल्मरने आकड्याचा नाद सोडला. फोनच्या मागे एक गोल खाच होती, तिथे बोट टेकवलं की फोन माणूस ओळखतो. बोट काही ओरडून सांगता येत नाही.

चेंताने हात पुसून बोट टेकवलं. फोन थरथरला आणि नाही म्हणाला. तिने साबणाने हात धुतले. नाही. लिंबू चोळलं. नाही. न्हाव्याकडून पावडर आणली, ती लावली. फोन नाहीच म्हणत राहिला. दहाही बोटं झाली. शेवटी एल्मरने दिवा लावून तिची बोटं जवळून पाहिली आणि हळूच म्हणाला, "तुमच्या बोटांवर काहीच नाही."

"काही नाही म्हणजे? धुतलेत आत्ता."

मग मी तिला समजावलं. झाडाच्या खोडात कशी वलयं असतात, तशा बोटाच्या टोकावर रेषा असतात, प्रत्येकाच्या वेगळ्या. तू लहानपणापासून चुन्याच्या पाण्यातला मका हाताळतेस, तापल्या तव्यावर पुपुसा बोटांनी उलटतेस. रेषा झिजून गेल्या.

चेंता आपल्या बोटांकडे बघत राहिली. "म्हणजे हा मला ओळखतच नाही. या गावात कुत्रीसुद्धा मला ओळखतात, प्रोफे."

"हातांना दोनतीन आठवडे विश्रांती दिलीत तर रेषा परत येतील," एल्मर म्हणाला. "एकदम सो..."

"विश्रांती? मग पुपुसा कोण थापणार, तुझी कंपनी?" तिने पिठाचा गोळा परातीत आपटला. "असं सांग ना, की हे यंत्र फक्त रिकामटेकड्यांना ओळखतं!"

 रांगेतल्या सगळ्यांच्या माना एकदमच झोळीकडे वळल्या.

ताचोला उठवून आणलं. त्याने जांभई देत बोट टेकवलं आणि फोनने पहिल्याच फटक्यात गोड आवाज काढला. एल्मर ते बोट उजेडात धरून बघत राहिला. "मी एवढ्या दुकानांत गेलो, पण असा ठसा नाही पाहिला. एकूण एक रेषा शाबूत आहे."

"असणारच," चेंता म्हणाली. "वापरलेलंच नाही."

एल्मर म्हणाला, आणखी एखादं बोट नोंदवून ठेवू. ताचोला ते अपमानास्पद वाटलं. असं बोट असताना आणखी कशाला?

दुसऱ्या दिवसापासून ताचो केस चापून बसवून फळीशी खुर्ची टाकून बसू लागला. कोणी ताचो म्हणून हाक मारली तर पूर्ण नाव सांगायचा, "डॉन अनास्तासिओ म्हणा. व्यवहार माझ्या हातात आहेत." खरं तर एका बोटातच होते, पण ते त्याने कोणाला सांगू दिलं नाही. मोठ्या मानाने तो बोट वर करायचा, थोडं थांबायचा आणि मग टेकवायचा. मधेच त्याचा डोळा लागायचा. एकदा फळीवाला एक परदेशी पोरगा पुपुसा हातात घेऊन ताटकळत उभा होता, तेव्हा चेंताने ताचोचं मनगट उचललं, बोट फोनला लावलं आणि हात परत त्याच्या मांडीवर ठेवला. तो घोरतच होता.

"अगं, हळू! जोखमीचं बोट आहे," जागा झाल्यावर तो म्हणाला.

"जोखमीचं असेल तर चर्चमध्ये नेऊन ठेव काचेच्या पेटीत. संताचं म्हणून लोक पाया तरी पडतील."

स्पर्धेच्या आदल्या सकाळी तपासणीला लिसेंसियादा, म्हणजे पदवीवाल्या, मारोकिन बाई आल्या. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पुठ्ठ्याला लावलेले नियमांचे कागद, आणि वाळूत रुतणारे बूट. त्या पैसे देऊन बघणार होत्या आणि स्वच्छताही बघणार होत्या. पास झालं की दोरीच्या आत, नाहीतर फळ्या लावा.

"दोन द्या, चीज आणि लोरोकोच्या कळ्यांच्या," त्या म्हणाल्या. "आणि नीट ऐका. जो हात पैशाला किंवा फोनला लागेल, तो हात खाण्याला लागता कामा नये. हा पहिला नियम."

"लागतच नाही," चेंता म्हणाली. "माझे हात पिठात, याचं बोट फोनवर."

इथवर सगळं छान चाललं होतं. पण ताचोच्या अंगात डॉन अनास्तासिओ शिरला होता. चेंता चीज घ्यायला वाकली, तव्यावर पुपुसा फुगली, आणि बाईंसमोर आपणही कारभारी आहोत हे दाखवावं असं त्याला वाटलं. बायको जन्मभर करते तसंच त्याने केलं. पुपुसा बोटांनी उलटली.

त्याची किंकाळी खडकापर्यंत गेली. पेलिकन उडाले. ताचोने बोट पाण्याच्या मडक्यात खुपसलं आणि ते बाहेर काढलं तेव्हा टोकाला भुईमुगाच्या दाण्याएवढा फोड होता.

"लाव, लाव फोनला!" एल्मर म्हणाला.

ताचोने रडत लावलं. फोन नाही म्हणाला.

"दुसरं बोट नोंदवू. लगेच होईल. एकदम..."

"या गृहस्थांचं नको," लिसेंसियादा म्हणाल्या. "यांचा हात आत्ता तव्यावर होता. माझ्या डोळ्यांदेखत. पैसे घेणारं आणखी कोणी आहे?"

"मी राजीनामा देतोय," ताचो बोट पुन्हा मडक्यात घालून म्हणाला.

आणखी कोणी नव्हतं. मुलगे उत्तरेला परदेशी कमवायला गेलेले, सुना बाजारात, आणि मी पुढे झालो तर बाई म्हणाल्या, गिऱ्हाईक चालणार नाही, टपरीचंच माणूस हवं. त्यांनी पेन काढलं. चेंता दोन्ही हात पिठात घेऊन उभी होती. एवढी वर्षं ओळखतो तिला. शाळेत फळ्यासमोर उभं केलं आणि उत्तर येत नसलं की अशीच खालचा ओठ चावायची.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्या नियमात हात म्हटलंय ना?"

"हो. जो हात फोनला लागेल तो."

"हातच. पुन्हा एकदा बघा."

बाईंनी बघितलं. "हातच."

चेंताने उजव्या पायातली रबरी चप्पल काढून लाथेने बाजूला सारली. "एल्मर, तो फोन खाली ठेव. पाय तर कधी तव्यावर ठेवला नाही ना मी."

एल्मरने सोड्याचं रिकामं खोकं पालथं घातलं, त्यावर फोन मागची बाजू वर करून ठेवला आणि गुडघ्यांवर बसला. अंगठा घासलेला निघाला. शेजारचं बोटही. करंगळीच्या अलीकडचं बोट मात्र दोन्हीकडून चेपून वर उचललं गेलं होतं, जमिनीला कधी टेकलेलंच नव्हतं. एल्मरने छातीवरचा सदरा ओढून ओला केला आणि त्या नारिंगी नाण्यानेच ते बोट पुसलं.

"पवित्र गुरुवारी पाद्रीबाबा लोकांचे पाय धुतात त्यापेक्षा बरं धुतोस," चेंता वरून म्हणाली. "गुदगुल्या करू नकोस पण."

फोनने गोड आवाज काढला.

 मासेवालीने छातीवर क्रूस काढला.

लिसेंसियादांनी नियमांचं पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, उलटून मागचं वाचलं. पाय कुठेच नव्हता.

"पण हे... हे चांगलं दिसत नाही," त्या म्हणाल्या.

"दिसतच नाही, बाई. फळीच्या खाली आहे," चेंता म्हणाली. "आणि न दिसणारं नाणं तुम्हाला चालतं."

मी कॉफीच्या पेल्यात तोंड घातलं. बाईंनी आपला फोन काढून खांबावरच्या कागदासमोर धरला. चेंताने पुढची पुपुसा थापता थापताच, शिलाईयंत्राचं पायडल दाबावं तसा, पाय खाली नेला. टिंग. पैसे आले. हाताची लय जराही मोडली नाही.

बाईंनी एक घास खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला पुठ्ठा बगलेत गेला आणि हिरवा शिक्का टपरीच्या फळीवर बसला.

"पाय दर तासाला धुवायचा," त्या जाताना म्हणाल्या.

"हा धुवेल," चेंताने एल्मरकडे हनुवटी केली. एल्मर पहिल्यांदाच "सोपं आहे" म्हणाला नाही.

दोरीपलीकडून फळ्या काखेत मारून पोरं यायला लागली. ताचो ओल्या फडक्यात बोट गुंडाळून उभा होता, पदावरून उतरलेल्या मंत्र्यासारखा. कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे वाकून फळीखाली बघत होते.

"मग मी आता काय करू?" तो म्हणाला.

चेंताने पुपुसांबरोबरच्या कोशिंबिरीसाठी कोबीचा भलाथोरला गड्डा आणि सुरी त्याच्यापुढे ढकलली.

"आधी हात धू. एक बोट भाजलंय, नऊ आहेत," ती म्हणाली. "बारीक चीर. आणि रेषांची काळजी करू नकोस, म्हाताऱ्या. झिजल्या तर झिजू देत."