डावीकडची सीट

रविराज लगडच्या गाडीत प्रज्ञा भिंगारदिवे नऊ वर्षं डाव्या सीटवर बसली, आणि त्या नऊ वर्षांत त्याला गाडी चालवताना तिने एकदाही नीट पाहिलं नव्हतं. रॅलीत चालकाच्या शेजारी बसणाऱ्याचं कामच तसं असतं. मान खाली, मांडीवर वही, आणि पुढचं वळण यायच्या आधी ते हेल्मेटमधल्या माईकवर वाचून दाखवायचं. चालक रस्ता बघतो, शेजारचा वही बघतो. आपण कुठवर आलो हे गाडी कलली, उडाली, आपटली की त्यावरून पोटालाच कळतं.

प्रज्ञा पारनेरच्या भूमी अभिलेख कार्यालयात भूकरमापक होती. लोक तिला मोजणीवाल्या मॅडम म्हणत. रविराज श्रीगोंद्याचा. घरचा ऊस, स्वतःचं गॅरेज. विशीत असताना तो ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर उलटा चालवायच्या स्पर्धा जिंकायचा, पुढे जुनी जिप्सी घेऊन रॅलीत उतरला. नगरजवळच्या एका रॅलीत त्याच्या शेजारी बसणारा गडी ऐन सकाळी तापाने फणफणला. प्रज्ञा तिथे अंतरं मोजायला मदतीला गेली होती. रविराज तिच्यापाशी आला आणि म्हणाला, "मॅडम, तुमाला नजरेनं अंतर कळतं म्हनत्यात. बसता का?"

ती बसली. संध्याकाळी उतरली तेव्हा ते दोघं चौथे आले होते.

वळणांच्या इंग्रजी नोट्स वेगात त्याच्या डोक्यात शिरायच्या नाहीत, म्हणून त्यांनी स्वतःच्या बनवल्या. "उजवं तीन, आवळतंय. साठ. मोरी, कापू नको. डावं पाच, सुटतंय." आकडा लहान तेवढं वळण कठीण. साठ म्हणजे पुढे साठ मीटर सरळ, कापू नको म्हणजे आतल्या कडेवरून जाऊ नको. आवळतंय म्हणजे पुढे जाऊन आणखी घट्ट होणारं, सुटतंय म्हणजे सैल पडणारं. ती बोलायची आणि गाडी वळायची. मध्ये अर्ध्या श्वासाइतकं अंतर असायचं. त्या अर्ध्या श्वासात तो काहीही न बघता तिच्यावर विश्वास ठेवायचा.

लोक विचारायचे, तुमच्यात काय आहे? रविराजचं लग्न झालेलं होतं. बायको दीपा, दोन मुली. प्रज्ञाने लग्न केलं नव्हतं, पण त्याचं कारण रविराज नव्हता. गाडीबाहेर ती त्याला लगड म्हणायची, तो तिला मॅडम. चहा पिताना दोघांना बोलायला विषय सापडायचा नाही. त्यांच्यात काय होतं ते त्या अर्ध्या श्वासात होतं. ते कुणाला कसं सांगणार? तिने सांगायचा प्रयत्न सोडून दिला होता.

डिसेंबरात रविराज न कळवता पारनेरला तिच्या घरी आला. तिची आई पुष्पावती दारात ज्वारी निवडत होती. तो ओट्यावर बसला आणि मोबाईल पुढे केला. फिनलंडमधून पत्र आलं होतं. तिथल्या गोठलेल्या तळ्यावर वेगवेगळ्या प्रकारच्या शर्यतींतले चालक एकमेकांसमोर उभे राहणार होते. फॉर्म्युलावाले, रॅलीवाले, ट्रकवाले, वाळवंटातल्या शर्यतींचे. अकरा देशांचे सोळा जण. सगळ्यांना एकसारखी गाडी, दोन समांतर पट्टे, एकास एक सामना. भारतातून एकच नाव होतं.

"लगड!" प्रज्ञा ओरडलीच. "तुझं नाव आहे!"

"हाय खरं."

"मग तोंड असं का?"

त्याने चप्पल पायातून काढली, पुन्हा घातली. "नोट्स वाचायच्या नसत्यात तिथं. एकट्यानं चालवायची. मी इचारलं त्यांना. म्हनलं, माझ्यासंगं माझं माणूस आसतं. ते म्हनले, शेजारच्या सीटवर पयल्या सामन्याला पाव्हणे बसवत्यात. मोठे लोक, जाहिरातवाले. बोलायचं न्हाई, नुसतं बसायचं. आन इथनं संगं येनार त्यो स्पॉन्सरचा माणूस."

प्रज्ञाला काहीतरी बोलायला हवं होतं. "बरं आहे की," ती म्हणाली. "ट्रॅक छोटा असणार. पाठ करता येईल."

"म्हनूनच आलोय. पाठ करून घे माझ्याकडनं."

तो गेल्यावर पुष्पावती सुपातली ज्वारी हलवत म्हणाली, "तुला न्हाई बोलवलं?"

"तिथे माझं काम नसतं, आई."

आईने मान हलवली, आणि जरा वेळाने म्हणाली, "आसं कसं काम न्हाई."

जानेवारीत तीन रविवार त्यांनी प्रज्ञाच्या ओळखीतले म्हातारे शेतकरी गहिनीनाथ औटी यांच्या पडीक माळावर घालवले. आयोजकांनी पाठवलेल्या नकाशावरून प्रज्ञाने चुन्याची फक्की टाकून पुरा ट्रॅक जमिनीवर उतरवला. दहा वळणं, दोन सरळ पट्टे, एक मोठा लूप. टेप तिची स्वतःची, ऑफिसची नव्हे. औटी बांधावर उभे राहून बघत होते. "पोरी, माझ्या रानाचे तुकडे पाडतीस की काय?" ते म्हणाले, आणि स्वतःच हसत सुटले.

बर्फ कुठून आणणार? रविराजने जिप्सीला झिजून गोटा झालेले टायर लावले. मुरमावर ती साबणावरून घसरावी तशी घसरायची. पहिल्या रविवारी प्रज्ञा नेहमीसारखी वाचत होती. सातवं वळण वाईट होतं. लांबून सोपं दिसायचं आणि मध्येच आवळायचं. चालकाला आधीच वळावंसं वाटे. तिथे ती म्हणायची, "डावं दोन, उशिरा. थांब. थांब. आत्ता." त्या 'आत्ता'वर तो स्टिअरिंग फिरवायचा आणि गाडी फक्कीच्या रेघेला लागून निघायची.

दुसऱ्या रविवारी तो म्हणाला, "आज वही मिट. नुसती बैस."

ती गप्प बसली. हेल्मेटमध्ये स्वतःचा श्वास ऐकू येत होता. प्रत्येक वळणाआधी शब्द जिभेवर यायचा आणि तिला तो गिळावा लागायचा. सातव्या वळणाला तो लवकर वळला, गाडी रेघेबाहेर गेली. तो पुन्हा पुन्हा सुरुवातीच्या रेघेवर आला. आठव्या खेपेला जमलं.

तिसऱ्या रविवारी त्याने गाडी थांबवली, समोर बघत राहिला. "आता उतरावं लागंल. तुझं वजन धरून सवय झालीय गाडीला."

"उतरते की. त्यात काय."

ती उतरून औटींच्या शेजारी बांधावर उभी राहिली. जिप्सी सुटली. आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा प्रज्ञाने रविराजला बाहेरून पाहिलं. आत बसल्यावर सगळे धक्के, हिसके आणि आवाज असायचे. इथून मात्र ती गाडी पाण्यावर सोडलेल्या पानासारखी जात होती. वळणाच्या कितीतरी आधी तिरपी व्हायची, धुरळ्याचा पडदा उलगडत बाजूने वाहायची. इतकं सुंदर असतं हे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

"येकटा बी झ्याक चालवतोय गडी," औटी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. एरवी ती 'हो' म्हणायची.

निघताना तो गाडीच्या दारापाशी घुटमळला. "तिकडं स्टिअरिंग डावीकडं असतंय. म्हंजे मी तुझ्या जागेवर बसनार."

"सांभाळून बस मग," ती म्हणाली, आणि दोघंही हसली.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दीपाचा सकाळीच फोन आला. "ताई, तुमी इकडंच या. एकट्या नका बघू." तिकडे दुपारचे बारा वाजायचे तेव्हा इथे साडेतीन वाजलेले असणार होते. प्रज्ञा श्रीगोंद्याला पोचली तेव्हा अंगणात टीव्ही लावला होता, ऊन लागू नये म्हणून वर ताडपत्री बांधली होती. कारखान्याची पाळी संपवून आलेले शेजारी खाली बसले होते. दीपाने तिला स्वतःच्या शेजारी बाजेवर जागा केली.

पडद्यावर सगळं पांढरं होतं. त्या पांढऱ्यात ट्रॅक कुठे सुरू होतो तेही कळेना. मग गाडी दिसली, आणि काचेतून रविराज. डाव्या बाजूला. उजवीकडे कुणी पाहुणा होता, दोन्ही हात छातीशी घट्ट धरलेला. त्या माणसाला काय मिळालंय ते त्याला माहीत नाही, असं प्रज्ञाला वाटलं, आणि आपल्याला त्याचा हेवा वाटतोय हेही तिच्या लक्षात आलं.

समोर ब्राझीलचा चालक होता, आयुष्य डांबरावर घालवलेला. दिवे विझले, गाड्या सुटल्या. तो ब्राझीलवाला पहिल्याच वळणाला बर्फाच्या भिंतीला घासला. रविराज मात्र माळावर होता तसाच होता. तिरपा, सावकाश दिसणारा, आणि भन्नाट वेगात. तो सव्वा सेकंदाने जिंकला. अंगणात शिट्ट्या वाजल्या. धाकटी मुलगी आजोबांच्या खांद्यावर चढली.

पुढचा सामना यजमान देशाच्या माणसाशी. बर्फावरच वाढलेला, चाळिशीतला, रॅलीतला जुना गडी. आता शेजारची सीट रिकामी होती. अंगणातले लोक टीव्हीकडे सरकून बसले. पहिल्या फेरीत दोघं बरोबरीत. गाड्यांनी पट्टे बदलले. दुसऱ्या फेरीत रविराज किंचित पुढे.

प्रज्ञा केव्हा बोलायला लागली ते तिलाच कळलं नाही. ओठ हलत होते, आवाज पुटपुटण्याइतका. "उजवं चार. चाळीस. उजवं पाच, सुटतंय. डावं दोन, उशिरा. थांब. थांब..."

तो वळला. तिने 'आत्ता' म्हणायच्या आधी.

अगदी थोडं आधी. गाडीचं नाक आत शिरलं, मागची बाजू बाहेर गेली आणि बर्फाची पांढरी धूळ उडाली. त्याने सावरलं, पण तोवर दुसरी गाडी पुढे सरकली होती. सेकंदाच्या सतरा शतांशांनी तो हरला.

अंगणातले लोक हळहळले, मग टाळ्या वाजवू लागले. जगातल्या पहिल्या आठात आला होता त्यांचा माणूस. प्रज्ञा पडद्याकडे बघत बसली होती. तिचा हात दीपाने धरला होता, केव्हापासून कोण जाणे.

"ताई," दीपा हळूच म्हणाली, "तुमी काय म्हणत होता मगाशी?"

"काही नाही. सवय आहे."

"न्हाई, मी ऐकलं." दीपा खाली बघून म्हणाली, "खरं सांगू? नऊ वर्षं मला लई वाटायचं, की तुमी दोघं गाडीत काय बोलता. ह्यांना इचारलं तर म्हनायचे, काय न्हाई, वळणं. मला खोटं वाटायचं. रात रात झोप न्हाई यायची कदी कदी." तिने पदराने कपाळ पुसलं. "आन खरंच नुसती वळणंच हुती."

"एवढंच बोलतो गं आम्ही," प्रज्ञा म्हणाली.

"व्हय. पन त्ये तुमच्या तोंडून ऐकलं तवा मला वाटलं, माझ्याशी बी कुनीतरी आसं बोलावं. म्होरं काय हाय ते आदीच सांगावं."

कुणीतरी पेढे वाटत होतं.

रविराज परत आला तेव्हा फाट्यापासून त्याची मिरवणूक निघाली. आठवड्याने तो पारनेरला आला, या वेळी फोन करून. कोईमतूरच्या एका संघाने त्याला बोलावलं होतं. सर्किटवरच्या शर्यती, एका सीटच्या गाड्या. दोन वर्षांचा करार. सामना बघितलेल्या कुणीतरी त्याचं नाव सुचवलं होतं.

"काय करू?" त्याने विचारलं.

प्रज्ञाला नको म्हणता आलं असतं. ती नको म्हणाली असती तर तो गेला नसता, हे तिला ठाऊक होतं. त्याने विचारलंच होतं तसं, जसा गाडीत तिच्या शब्दाची वाट बघायचा. ती सांगेल तिकडे वळायला तयार.

"जा," ती म्हणाली. "आता छत्तीसचा आहेस. पुन्हा कोण विचारणार?"

"आन तू?"

"मला मोजणीची चाळीस प्रकरणं आहेत मार्चअखेर."

तो हसला नाही. ओट्यावरून उठताना म्हणाला, "सातव्या वळनाला मी तुझी वाट बघितली. तेवढ्यानंच चुकलं. वाट बघत हुतो, आन मग ध्येनात आलं की तू न्हाईस, आन घाई केली."

तो गेल्यावर ती आतल्या खोलीत जाऊन बसली. पुष्पावतीने दार लोटून घेतलं आणि तिला बसू दिलं.

सहा महिने प्रज्ञा कुणाच्याच गाडीत बसली नाही. दोघातिघांनी विचारलं, तिने नाही म्हटलं. गणपतीनंतर जामखेडहून ज्ञानेश्वरी नावाच्या बाईचा फोन आला. स्वतःचा टेम्पो चालवणारी, तिशीची, एक जुनी गाडी रॅलीसाठी तयार केलेली. "माझ्याशेजारी बसायला पुरुष तयार हाईत," ती म्हणाली, "पन ते मलाच शिकवत्यात. मला शिकवू नका. नुसतं काय येतंय ते सांगा." हे ऐकून प्रज्ञाने हो म्हटलं.

जुन्या वह्यांचा उपयोग नव्हता. प्रत्येक चालकाचं तीन वेगळं असतं, पाच वेगळं. नवी वही करावी लागली. पहिल्या दिवशी ज्ञानेश्वरी दोनदा गाडी थांबवून म्हणाली, "ताई, उशिरा सांगताय." तिला शब्द लवकर लागायचा, पुरता एक श्वास आधी. प्रज्ञाची जीभ मात्र अजून अर्ध्या श्वासावर अडलेली होती. पहिल्या रॅलीत दोघी एकोणिसाव्या आल्या. ज्ञानेश्वरी खूश होती.

दिवाळीच्या आधी एका दुपारी प्रज्ञा वाडेगव्हाणच्या बाजूला मोजणीला गेली असताना रविराजचा फोन आला. मागे इंजिनांचे आवाज होते.

"कसं काय, मॅडम?"

"बरं चाललंय. तुझं?"

"पाचवा आलो काल." जरा थांबून तो म्हणाला, "ती नवी बाई कशी हाय?"

"चांगली आहे. तिला नोट लवकर लागते."

पलीकडे एक इंजिन वाढत गेलं आणि लांब गेलं. "मग मी काय लई उशिरा मागायचो?"

"नाही," प्रज्ञा म्हणाली. "तू बरोबर वेळेला मागायचास."

फोन दोघांनी कानाशी धरून ठेवला. मग त्याला तिकडून कुणीतरी हाक मारली, तो तिला "येतो गं" म्हणाला आणि फोन बंद झाला.

बांधावर वाटणी मागणारे दोन भाऊ एकमेकांकडे पाठ करून तिची वाट बघत उभे होते. प्रज्ञाने फोन पर्समध्ये टाकला, टेपचं टोक थोरल्याच्या हातात दिलं आणि ढेकळांतून चालायला लागली.