मास्तरांच्या नावाचं मशीन

मित्रांनो, कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात, रंगखोलीतल्या टेबलावर बसलेला मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या कळांच्या फटींत निळी-पिवळी भुकटी कायमची जाऊन बसली आहे. झाकणाची एक बिजागरी मोडली आहे, ती चिकटपट्टीने धरून ठेवली आहे. माझ्या रूपाला तुम्ही हसलात तरी चालेल, पण माझी गोष्ट ऐका. माझ्या मनावर एक ओझं आहे.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा कोरा करकरीत होतो. नेटवर्कचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या पोटात एक सर्टिफिकेट ठेवलं. ते कागदाचं नव्हतं, कुणाला डोळ्यांनी दिसणारंही नव्हतं. कारखान्यातली सगळी यंत्रं एका जाळ्याने जोडलेली आहेत. त्या जाळ्याच्या दारावर मी गेलो की दार विचारतं, ‘तू कोण?’ मी सर्टिफिकेट दाखवतो आणि दार उघडतं. ज्याच्याकडे ते नाही त्याने बाहेर ताटकळत बसावं. या मानामुळे माझी छाती इतकी फुगली होती की काय सांगू!

सर्टिफिकेटवर माझा नंबर घालायचा, असं बाईंचं म्हणणं होतं. पण रंगखोलीत शब्द चालायचा तो फक्त रंगमास्तरांचा. तेव्हा नावही त्यांचंच घाला, असा सगळ्यांनी आग्रह धरला. मास्तरांनाही मनातून बरं वाटलं. बाईंनी बजावलं, की हे यंत्राचं सर्टिफिकेट आहे, माणसाचं नाही. माझ्यापुढे बसणाऱ्या प्रत्येकाने आपापला पासवर्ड घातला पाहिजे. मास्तरांनी रंगाने माखलेले ओले हात पुढे केले.

“बाई, या हातांनी घडोघडी पासवर्ड टाकत बसलो, तर कापड रंगवायचं कधी?”

सगळे हसले. बाईही हसल्या. पासवर्ड राहिला तो राहिलाच.

पुढची वर्षं सुखाची गेली. नमुन्याची चिंधी वाळली की मास्तर ती खिडकीपाशी नेत. रंग दिवसाच्या उजेडात बघायचा, ट्यूबलाइटखाली कधीच नाही, ट्यूब खोटं बोलते, हा त्यांचा पहिला धडा होता. खिडकीतून ते आकडे सांगत आणि त्यांची भाची माझ्यावर रंगाची रेसिपी बदलत असे. ही त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. काम शिकायला म्हणून आली आणि रंगांत रमून गेली. आपल्यामागे ही खोली हीच सांभाळणार, असं मास्तर चारचौघांत कौतुकाने सांगत.

एकदा रुग्णालयाच्या चादरींसाठी आकाशी रंगाची मोठी ऑर्डर आली. मास्तर रेसिपी पक्की करून जेवायला गेले. चिंधी माझ्याशेजारीच पडली होती. भाचीने ती उचलली, आणि खिडकीपर्यंत जायचा कंटाळा करून ट्यूबखालीच पाहिली. तिला रंग फिका वाटला. मामांच्या नजरेतून सुटलं असेल, आपण गुपचूप सावरून घेऊ, असं तिच्या भल्या मनाला वाटलं. तिने निळा वाढवला.

मला बोटं कळली, मित्रांनो. मास्तरांचं बोट जड, एकेक कळ शोधत येणारं. हिची बोटं धावती. तरी जाळ्याने ‘कोण?’ म्हणून विचारलं तेव्हा मी मास्तरांचं नाव दिलं. माझ्याकडे देण्यासारखं तेवढं एकच नाव होतं.

चादरी गडद निळ्या निघाल्या आणि सगळा माल परत आला. कारखान्याच्या मालकीणबाई रंगखोलीत आल्या. रेसिपी कोणी बदलली, ते माझ्यावरच उघडून पाहिलं. पडद्यावर मास्तरांचं नाव आलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि दोर माझ्या हातात होता. भाचीचे ओठ हललेले मी पाहिले. पण मास्तरच आधी बोलले.

“माझं नाव आहे म्हणजे मीच केलं असणार. मला आठवत नाही, एवढंच.”

भाची मूग गिळून बसली.

मालकीणबाईंनी आदळआपट केली नाही. वय झालं की व्हायचंच, असं म्हणून त्यांनी यापुढे मास्तरांचा प्रत्येक रंग भाचीने तपासावा असं ठरवलं. हे मास्तरांच्या जिवाला लागलं. ते डोळे तपासून आले. नजर उत्तम आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तर त्यांची भीती दुप्पट झाली. डोळे चांगले म्हणजे डोकं गेलं, असा त्यांनी अर्थ काढला. ज्या माणसाने तिला निळा शिकवला, तो चिंधी पुढे करून विचारायचा, हा निळाच आहे ना गं? ती ‘हो मामा’ म्हणायची आणि खाली बघायची. तिचं जेवण सुटलं होतं, पण जीभ काही उचलत नव्हती.

शेवटी मास्तरांनी काम सोडायचं ठरवलं. नाव बदलायला नेटवर्कच्या बाई पुन्हा आल्या. जुन्या चुकीची गोष्ट निघाली तेव्हा त्या म्हणाल्या, “जाळ्याला यंत्र कळतं. त्याच्यापुढे कोण बसलं होतं ते आता कुणालाच कळायचं नाही.” मग भाचीकडे वळून त्यांनी विचारलं, “तर आता तुझं नाव घालू ना?”

ती वाचली होती, मित्रांनो. एक ‘हो’ म्हटलं की खोली तिची होणार होती. ती उठली आणि खिडकीपाशी आवराआवर करणाऱ्या मास्तरांपुढे जाऊन उभी राहिली.

“मामा, तो निळा मी वाढवला होता. ट्यूबखाली बघून.”

मास्तरांनी हातातली चिंधी खिडकीत ठेवली.

“कापड गेलं त्याचं काही नाही गं,” ते म्हणाले. “मला वेड लागतंय या भीतीने मी रोज झुरत होतो. आणि तू रोज माझ्या शेजारी बसत होतीस.”

भाचीने मालकीणबाईंनाही सगळं सांगितलं. मास्तर कामावर राहिले आणि त्यांचा शब्द पुन्हा चालू लागला. माझ्यावर आता नुसता नंबर आहे, आणि मास्तरांसकट प्रत्येकजण हात पुसून आपला पासवर्ड घालतो. पण अजूनही मास्तर चिंधी घेऊन खिडकीपाशी जातात, परत येतात, आणि कुणी सांगितलेलं नसताना भाचीला विचारतात, हा निळाच ना? ती मान हलवते. त्या वेळी तिच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना तोंड नाही. तुम्ही आमच्यापुढून उठलात की आम्हाला कुलूप लावा आणि बसलात की आपलं खरं नाव द्या. तरीही तुमची चूक दुसऱ्याच्या नावावर गेली, तर त्याच दिवशी जाऊन त्याला सांगा. उशिरा सांगितलेलं खरं तो ऐकून घेतो, पण तोवर तो स्वतःवर विश्वास ठेवायचं विसरलेला असतो.