हिम्मतरावांच्या मिशीचं टोक

सोमवारी संध्याकाळी मी घरमालकांच्या दिवाणाखाली पोटावर पडून मांजराची मिशी शोधत होते. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात चिमटा. तेवढ्यात दिवाणावर कुणीतरी बसलं आणि वरची फळी माझ्या पाठीला टेकली.

"काका, मी खाली आहे," मी म्हणाले.

"कोन?"

"मानसी."

"बरं. पर बेटा, खाली कायकू?"

हिम्मतरावांच्या आजोबांनी उदगीरकडची शेती सोडून हैदराबाद गाठलं, तेव्हापासून ही मंडळी नल्लकुंट्यात आहेत. त्यांच्या मराठीत दखनी इतकी मुरलेली आहे की पुण्याहून आले तेव्हा मला त्यांची निम्मी वाक्यं कळत नसत. मी त्यांच्या वरच्या खोलीत राहते. जिन्यात येणारी पांढरी मांजर रोज दुपारी त्यांच्या दिवाणाखाली झोपते, म्हणून मी तिथे शिरले होते. जिवंत मांजराची मिशी उपटणं मला पटत नव्हतं. गळून पडलेली एखादी मिळेल अशी आशा होती. मिळाले ते एक बटण, एक बडीशेपेची पुडी आणि बराच कापूस.

मी बाहेर आले. हिम्मतरावांच्या पत्नी भामाकाकू जमिनीवर बसून नातीसाठी तुपाच्या दिव्यावर काजळ धरत होत्या. त्यांनी माझ्या केसांतला कापूस काढला आणि म्हणाल्या, "आता नीट सांग. काय हारवलं?"

मी सांगितलं. आपल्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं. ते डीएनएवरून फिरत बिघडलेला तुकडा शोधतं, तो साखळीबाहेर वळवून काढतं आणि कापून टाकतं. हे इतक्या झटपट होतं की त्याला मध्येच पकडता येत नाही. म्हणून मी डीएनएमधल्या साखरेवर फ्लोरिनचा एक अणू बसवून घेतला आहे. आता प्रथिन तुकडा धरतं, पण त्याला तो कापता येत नाही, आणि सोडवतही नाही.

"म्हणजे काकू, तुम्ही बेगम बाजारात मिरच्यांच्या पोत्यात हात घालून उभ्या राहता ना? घेतही नाही, सोडतही नाही. तसं."

"आन दुकानदार वैतागतो," हिम्मतराव म्हणाले.

"त्या अवस्थेचे स्फटिक करायचे. मग ते फ्रान्सला पाठवायचे. तिथल्या क्ष-किरणांत धरले की कुठला अणू कुठे बसलाय ते कळतं. पण माझ्या थेंबांत स्फटिक येत नाहीत, साळिंदरं येतात. सगळीकडून सुया निघालेली. साळिंदर चालत नाही, एकेकटा स्फटिक लागतो."

यावर आमच्या धंद्यात एक जुना उपाय आहे. मांजराची मिशी साळिंदरावरून हलकेच फिरवायची आणि तशीच नव्या थेंबातून ओढायची. मिशीला चिकटलेल्या कणांवर नवे स्फटिक धरतात, एका ओळीत.

"म्हंजे पाभरीनं पेरल्यावानी," हिम्मतराव म्हणाले.

"अगदी तसंच."

माझ्या पीएचडीच्या गाइड उषा मॅडम यांच्या दिवंगत मांजरीचं नाव बासुंदी. तिची एक मिशी मेणाने काडीला चिकटवून प्रयोगशाळेत ठेवलेली होती. दोन पिढ्यांचे विद्यार्थी तिच्यावर डॉक्टर झाले. त्या दिवशी सकाळी ती माझ्या पहिल्याच थेंबात मोडली. शुक्रवारी स्फटिक गोठवून नेणारं द्रव नायट्रोजनचं पिंप फ्रान्सला निघणार होतं. त्यात माझा स्फटिक नसला तर तिथल्या यंत्रावरची माझी वेळ दुसऱ्या कुणाकडे जाणार होती, आणि प्रबंध तिथेच अडकणार होता. हे सगळं मी त्यांना सांगितलं.

"पर मांजराचीच कायकू?" हिम्मतरावांनी विचारलं. "बाईच्या डोईचा केस घ्या की."

"तो मऊ पडतो काका. मिशी ताठ असते. आणि तिचं टोक कुणी कधी कापलेलं नसतं, म्हणून ते निमुळतं राहतं. कात्री लागली की टोक बोथट होतं."

"ताठ," काकू म्हणाल्या. "आन कधी कापलेली न्हाई."

त्या हिम्मतरावांकडे बघत होत्या. मीही बघितलं. हिम्मतरावांची मिशी दोन्ही गालांवर वर चढून कानांच्या दिशेने जाते. बाकी सगळी ते छाटतात, पण दोन्ही टोकांना आजवर कात्री लागू दिलेली नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. केस डोक्यावर पांढरे, मिशी मात्र कोळशासारखी.

हिम्मतरावांचा हात मिशीवर गेला. "नक्को," ते म्हणाले.

"एकच तर केस मागती पोरगी."

"भामा, मिशी हाय ती. कोथिंबीर न्हाई."

मी घाईघाईने म्हणाले की राहू द्या, मी दुसरं काही बघते. पण हिम्मतराव विचारात पडले होते. "फ्रान्सला जाईल म्हन्ता?"

"केस नाही. पण त्याने पेरलेले स्फटिक जातील."

"म्हंजे आवलाद जाईल." ते सरसावून बसले. "घ्या. पर एक ध्यानात ठेवा. असली रंग हाय. कलप न्हाई, कायबी न्हाई. आमच्या खानदानात मिशी पिकतच न्हाई."

काकूंनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. तीनपर्यंत मोजते म्हणाल्या आणि दोनलाच ओढला.

केस सुंदर होता. ताठ, लांब, टोकाकडे दिसेनासा होत जाणारा. मंगळवारी मी तो काडीला लावला आणि साळिंदरावरून नव्या थेंबांत ओढला. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तर प्रत्येक थेंबावर चकचकीत तवंग होता आणि त्यात काळे ठिपके पोहत होते.

माझी सहकारी श्रीलता चिक्कडपल्लीची. तिने माझ्या मागून बघितलं. "अय्यो. हे काय, रसम?"

"मिशी आहे."

"मिशीला फोडणी कुणी दिली?"

तवंग स्निग्ध होता. काळे कण बारीक काजळीचे होते. काजळी आणि तूप. मी हे दोन शब्द मनात शेजारी ठेवले, आणि मग काकूंची सकाळची एक कायमची तक्रार आठवली: "डबीला उंदीर लागलेत काय की, किती काजळ धरलं तरी सरतंच."

मी केस अल्कोहोलमध्ये बुडवला. अल्कोहोल राखाडी झालं. दुसऱ्यांदा बुडवला, मग पाण्यात. बाहेर आला तो बासुंदीला शोभेल इतका शुभ्र.

श्रीलताने तोंडावर हात दाबला. मीही दाबला. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, आणि कुणीही आत आलं असतं तर वाटलं असतं की इथे कसला तरी वायू गळतोय.

उरलेलं प्रथिन एकाच ताटलीला पुरेल एवढं होतं. मी पांढऱ्या केसाने पुन्हा पेरलं. 

बुधवारी सकाळी थेंबातून एक सरळ ओळ गेली होती. ओळीवर स्फटिक, एकेकटे, जाड, कडा धारदार. माझा आवाज वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचत नाही अशी शाळेपासून ख्याती आहे. त्या सकाळी तो खालच्या मजल्यावर उषा मॅडमपर्यंत पोचला. त्या पळत आल्या, त्यांनी बघितलं, आणि माझी वेणी धरून मला दोनदा हलवलं. त्यांची ती शाबासकीची पद्धत आहे असं मी धरून चालते.

मी घरी फोन केला तर काकूंनी तो स्पीकरवर ठेवला, आणि गुरुवारी दुपारी दोघेही प्रयोगशाळेत हजर. हिम्मतराव इस्त्रीच्या बंदगळ्यात, मिशी तेजस्वी. मी त्यांना पडद्यावर स्फटिकांची ओळ दाखवली. त्यांनी ओळीवरून हवेतच बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "उगवन चांगली झाली."

"काका, थेंबाएवढ्या शेतात."

"आन माझा केस कुठं हाय?"

मी काही करायच्या आत श्रीलताने, मनात काहीही पाप न ठेवता, काडी भिंगाखाली सरकवली. पडद्यावर केस आला. दोरखंडाएवढा जाड, आणि पांढरा.

हिम्मतरावांनी मान वळवून काकूंकडे बघितलं.

"हा बासुंदीचा हाय," हिम्मतराव म्हणाले.

मी आयुष्यात आकडा गोल करून सांगितलेला नाही. पण मी म्हणाले, "हो काका. मांजराचाच."

काकू पडद्याजवळ गेल्या. त्यांनी केस बघितला, मग नवऱ्याची काळीभोर टोकं बघितली. मग त्यांनी पदराचं टोक घेऊन एका टोकावरून फिरवलं आणि पदर बघितला.

"हौ का," त्या म्हणाल्या. "म्हंजे मेलेली मांजर रोज सकाळी माझी डबी उघडती."

श्रीलताला हसू आवरेना म्हणून ती टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधायला वाकली. काही पडलेलं नव्हतं. हिम्मतराव ताठ मानेने स्फटिकांकडे बघत राहिले, पण बंदगळ्याच्या आत त्यांचं पोट हलत होतं.

शुक्रवारी पिंप निघालं. पुढे फ्रान्समधलं यंत्र आम्ही इथूनच संगणकावर चालवलं. पहिला स्फटिक किरणात आला आणि पडद्यावर ठिपके उमटले, मध्यापासून कडेपर्यंत, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे एकसारखे. श्रीलताने खुर्चीसकट गिरकी घेतली. मीही घेतली. माझी खुर्ची मॅडमच्या खुर्चीवर आदळली, आणि मग मॅडमनीही घेतली.

त्या ठिपक्यांवरून गणित करून रचना तयार झाली. प्रथिनाने डीएनए वाकवला होता. बिघडलेला तुकडा बाहेर वळला होता. जिथून तो निघाला त्या रिकाम्या जागेत प्रथिनाने आपलं एक बोट खुपसून ठेवलं होतं. आणि फ्लोरिन तिथेच, ठाम. कापूही देत नव्हता, सोडूही देत नव्हता. मी ते चित्र फिरवून फिरवून बघत होते, जेवायचं विसरून.

शोधनिबंधाचा मसुदा वाचून उषा मॅडमनी एका ओळीवर बोट ठेवलं. "'केसाने पेरणी केली.' कुणाच्या? दुसऱ्या कुणाला हे करून बघायचं असेल तर कळायला हवं. खरं ते लिही."

मी घरी आले. हिम्मतराव गच्चीत कुंड्यांना पाणी घालत होते. मिशी अजून काळी होती. काकूंनी डबी कुलपात ठेवल्याचं मला माहीत होतं, म्हणजे त्यांनी दुसरी सोय केली असावी.

"काका, निबंधात तुमचं नाव घालायचंय. आभारात. चालेल?"

झारी थांबली. "किती लोक वाचतेत?"

"दोनशे असतील."

"बस्स?" त्यांचा चेहरा पडला. "जगातले?"

"जगातले. पण फार शिकलेले."

"मग पुरं लिव. हिम्मतराव भगवंतराव, राहनार नल्लकुंटा."

"लिहीन. आणि पद्धत लिहिताना मानवी मिशीचा न कापलेला केस असं लिहावं लागेल. आणि तो आधी अल्कोहोलने धुतला, हेही."

त्यांनी झारी खाली ठेवली. "कायकू धुतला, ते लिवतेत का?"

"लिहितात. स्निग्ध पदार्थ काढण्यासाठी."

"म्हंजे?"

"म्हणजे तूप वगैरे."

हिम्मतरावांनी मिशीचं एक टोक वर चढवलं आणि विचार केला. "तूप लिव," ते म्हणाले. "खानदानी घर हाय, तूप असनारच. काजळ तेवढं नक्को."

खालून, जिन्यातून, काकूंचा हसण्याचा आवाज आला.