हवाबंद बाहुली

साहेब, बाहुली तुम्ही मारलीत. प्लास्टिकने नाही, काळाने नाही, तुम्ही.

माझ्या ताईची मुलगी गेली. तिची बाहुली मागायला तुम्ही स्वतः ताईच्या घरी आलात. "घरात खराब होईल. संग्रहालयात शंभर वर्षं काही होत नाही," म्हणालात. ताईने बाहुलीचे केस विंचरले आणि ती तुमच्या हातात दिली.

मी तुमच्याच संग्रहालयात प्लास्टिकच्या वस्तू तपासतो. प्लास्टिकही कुजतं, हे लोकांना खरं वाटत नाही. घाम फुटल्यासारखं चिकट होतं, वाकतं, तडकतं. पण त्याआधी नाकाला कळतं. बाहुलीला व्हिनेगरचा वास आला, म्हणून मी तिच्याशेजारी निळ्या कागदाची पट्टी ठेवली. ॲसिड सुटत असेल तर ती पिवळी पडते. पडली.

पट्टी तुमच्यासमोर धरली. तुम्ही म्हणालात, "अहो, कुणाच्या तरी डब्यातलं सॅलड सांडलं असेल. नाक आहे की कुत्रं पाळलंय?" सगळी केबिन खिदळली.

"साहेब, तिला मोकळी हवा हवी, गारवा हवा. हे थांबवता येत नाही, पण लांबवता येतं."

"पाहुणे यायचेत. वास येतोय ना? मग काच सील करून टाका."

टाकली. वास बाहेर येईना, म्हणजे तुमच्या लेखी रोग बरा झाला. आत तिचीच आंबट वाफ तिलाच खात बसली.

मुलीच्या वाढदिवसाला ताई दरवर्षी येते. आज काचेला नाक लावून उभी राहिली. बाहुलीचा गाल आत ओढला गेलाय, एक डोळा खोबणीत पडलाय, हाताची बोटं गळून पायाशी आलीत.

"काय रे, हिला उपाशी ठेवता की काय?" ताई चेष्टा करायला गेली. मग म्हणाली, "परत दे मला. मोडायचीच असेल तर माझ्या हातात मोडू दे."

मी तडक तुमच्याकडे आलो. तुम्ही खुर्चीतून हललातसुद्धा नाही. "एकदा दिलेली वस्तू परत मिळत नाही. आणि फलकावर 'उत्तम स्थितीत' लिहिलंय, ते दिसत नाही का तुम्हाला?"

दिसतं ना. त्याच्या बरोबर वर ती वितळतेय, तेही दिसतं. आता काच उघडली तरी ती वाचणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तिला वाचवा असं मी म्हणतच नाही.

ताई खाली दारापाशी बाकावर बसलीय. घरी चल म्हटलं, तर हलत नाही. काच उघडून बाहुली तिच्या ओंजळीत देणार की नाही, एवढंच बोला. आणि 'नाही' म्हणायचं असेल, तर मला नका सांगू. खाली चला आणि तिच्या तोंडावर सांगा. येताय?