उंट बांधला

"किल्ली?"

"घेतली."

"चष्मा?"

"घेतला."

"ओळखपत्र?"

"घेतलं."

"उंट बांधला?"

"बांधला."

दारात उभी असलेली लेक फिस्सकन हसली. बायको हसली नाही. ती कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघत राहिली. कॅप्टन एक पाय बुटात आणि एक बाहेर अशा अवस्थेत स्टुलावर बसले होते. आपण काही विनोद केला की काय, हे त्यांना कळेना.

"काय झालं?"

"बाबा, तुम्ही उंट बांधलात," लेक म्हणाली. "कुठे बांधलात? खाली पार्किंगमध्ये?"

"अहो, मी बोलते ते तुमच्या कानापर्यंत जातं, पुढे जात नाही," बायको म्हणाली. ती एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करायची आणि चिठ्ठी दोनदा वाचल्याशिवाय गोळी कुणाच्या हातावर ठेवत नसे. "मी असं केलं तर एक माणूस दगावतो. तुमच्या पाठीमागे एकशे ऐंशी बसलेले असतात."

"तिकडे मी जागा असतो."

"आणि इथे?"

"इथे घर आहे," कॅप्टन म्हणाले, दुसरा पाय बुटात घातला आणि बाहेर पडले. चष्मा टेबलावरच होता. लेक तो घेऊन दोन जिने धावत खाली गेली.

विमान कंपनीत कॅप्टनांना यादीकाका म्हणत. इंजिन सुरू करण्याआधी, उड्डाणाआधी, उतरण्याआधी वैमानिकांना एक यादी म्हणावी लागते. एकाने बाब वाचायची, दुसऱ्याने त्या त्या काट्याकडे, बटणाकडे बघून उत्तर द्यायचं. हजार वेळा म्हटलेली यादी पाढ्यांसारखी तोंडात बसते आणि धोका तिथेच असतो. म्हणून यादीकाकांचं ब्रीद होतं, 'बघायचं, मग बोलायचं.' एकदा एका नवशिक्याने अर्धा सेकंद आधी उत्तर दिलं म्हणून त्यांनी त्याला अख्खी यादी पुन्हा म्हणायला लावली होती. "एवढ्या वेळात डोळा तिथे पोचत नाही," ते म्हणाले होते. ते वाक्य पुढे कंपनीत म्हणीसारखं झालं.

कंपनीची एक पुस्तिकाही त्यांच्याच हातची होती. 'थकलात? निर्धास्त सांगा.' मुखपृष्ठावर जांभई देणाऱ्या वैमानिकाचं चित्र. आठ वर्षांत एकानेही निर्धास्त सांगितलं नव्हतं, कारण शेवटच्या पानावरचा फोन नंबर थेट ड्यूट्या लावणाऱ्या अधिकाऱ्याच्या टेबलावर वाजायचा. महिन्याच्या ड्यूट्यांच्या तक्त्याला सगळे पत्रिका म्हणत आणि ती मांडणाऱ्या त्या गृहस्थांना ज्योतिषी. आपल्या दशेविषयी ज्योतिष्याशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? कंपनीच्या वार्षिक अहवालात मात्र 'थकव्याच्या तक्रारी : शून्य' हे वाक्य 'आमची कामगिरी' या मथळ्याखाली छापलं जाई.

यंदा कॅप्टनांचं एका खुर्चीवर लक्ष होतं. सुरक्षा-प्रमुख महिनाअखेर निवृत्त होणार होते. सोमवारी संचालकांनी कॅप्टनांना भेटायला बोलावलं होतं आणि ती भेट म्हणजे निव्वळ उपचार आहे, असं सगळेच सांगत होते. दहा ते सहा काम, रोजची रात्र आपल्या अंथरुणात. संपूर्ण कंपनीत माणसाला झोप मिळवून देणारं तेवढं एकच पद होतं आणि ते हवं असेल तर झोप येते असं चुकूनही म्हणायचं नव्हतं.

आज शुक्रवार, पत्रिकेतला सलग पाचवा दिवस. पहिले तीन दिवस पहाटे साडेचारची हजेरी, चौथ्या दिवशी संध्याकाळची ड्यूटी, ती मध्यरात्र उलटल्यावर संपलेली, आणि आज साडेअकराला हजेरी, चार फेऱ्या. नियमाला धरून होतं सगळं. नियमात विश्रांती मोजलेली होती. झोप मोजायची सोय नियमात नव्हती.

हजेरीच्या खोलीत भिंतीला एक पडदा होता. त्यावर रोज एकच प्रश्न येई, 'आपण उड्डाणासाठी ताजेतवाने आहात का?' खाली 'होय' आणि 'नाही'. 'नाही' दाबलं की दुसरं पान उघडायचं, त्यात अकरा प्रश्न, आणि अकरावा होता, 'आपल्या जागी कोण जाईल?' त्यामुळे सगळे ताजेतवाने असत. आज कॅप्टनांचं बोट 'होय'वर टेकलं तेव्हा प्रश्न पडद्यावर यायचा होता.

सोबत को-पायलट होता नवरदेव. लग्नाला चार महिने झाले होते आणि त्यातले एकोणीस दिवस तो आणि त्याची बायको एका गावात होते. मोजदाद त्याचीच.

पहिल्या दोन फेऱ्या सुखरूप झाल्या. तिसरीआधी प्रवासी चढत असताना डोळे उघडे राहावेत म्हणून कॅप्टनांनी उंटाचा किस्सा सांगितला. नवरदेवाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं.

"काका, 'बांधला' म्हणालात? तुम्ही?"

"सुरात म्हणालो."

"आता तुमची खैर नाही. कधीतरी पकडतोच तुम्हाला."

पाच वाजून वीस मिनिटं. ऊन सरळ काचेतून डोळ्यांत. इंजिनं सुरू झाली. नवरदेवाचा हात फ्लॅप्सच्या दांडीकडे गेला. फ्लॅप्स म्हणजे पंखांच्या मागच्या झडपा. त्या थोड्या खाली सोडल्याशिवाय भरलेलं विमान वेळेत जमीन सोडत नाही, आणि धावपट्टी काही मुद्दाम लांब होत नाही. हात दांडीपाशी पोचतो न पोचतो तोच टॉवरवरून आवाज आला, समोरून सामानाची गाडी जातेय, थांबा. हात दांडीवरून रेडिओच्या बटणावर गेला. गाडी गेली. विमान निघालं. धावपट्टीच्या तोंडाशी नवरदेवाने यादी उघडली.

"फ्लॅप्स?"

"पाच."

"ट्रिम?"

"तपासलं."

"उंट?"

"बांधला."

"केबिन?"

"तयार."

"यादी पूर्ण."

पुढे रांगेत एक विमान उभं होतं. कॅप्टन त्याच्या शेपटाकडे बघत होते. काहीतरी राहिलं, असं त्यांना वाटत होतं, पण काय ते सापडेना. मग सापडलं. कुणी हसलं नव्हतं.

"तू मला आत्ता उंट विचारलास?"

नवरदेवाने मान वळवली. "मी?"

"विचारलास."

"विचारायचं ठरवलं होतं, काका." तो थोडा वेळ आठवत राहिला. "विचारला का?"

कॅप्टनांनी खाली फ्लॅप्सच्या काट्याकडे बघितलं. आज त्या काट्याकडे ते उड्डाणाआधी पहिल्यांदाच बघत होते. काटा शून्यावर होता.

नवरदेवाने दांडी ओढली. काटा सरकत सरकत पाचवर आला. "झालं, काका," तो हळूच म्हणाला. खरोखरच झालं होतं. समोरचं विमान उडालं. टॉवरने यांना धावपट्टीवर यायला सांगितलं. कुणाला काही कळलं नव्हतं, कळायचं कारण नव्हतं, आणि सोमवार तीन दिवसांवर होता.

"परत वाच," कॅप्टन म्हणाले. "पहिल्यापासून."

नवरदेवाने वाचायला सुरुवात केली. पहिल्या तीन बाबींना कॅप्टनांनी नीट बघून, बोट लावून उत्तरं दिली. चौथ्या बाबीचं उत्तर त्यांच्या तोंडून निघालं तेव्हा नवरदेवाचा शब्द पुरा झाला नव्हता. एवढ्या वेळात डोळा तिथे पोचत नाही. हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी रेडिओचं बटण दाबलं. "टॉवर, आम्हाला गेटवर परतायचंय."

"कारण?"

कारणं डझनभर होती. दिवा लागत नाही, पंखा आवाज करतो, दाराचा खटका नीट वाटत नाही. विमानात कारणांना तोटा नसतो.

"वैमानिक थकलेत."

"पुन्हा सांगा?"

"वैमानिक थकलेत. दोघंही."

त्या लहरीवर तेव्हा आणखी पाच-सहा विमानं होती. सगळी चिडीचूप झाली. मग कुठल्या तरी विमानातून एका बाईचा आवाज आला, बारीक आणि घाईघाईचा.

"आम्हीपण."

गेटवर प्रवाशांनी गोंधळ घातला, तो त्यांचा हक्कच होता. एक बाई कॉकपिटच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "तुम्ही थकलात म्हणून आम्ही उतरायचं?"

"हो, बाई."

त्यांनी कॅप्टनांच्या डोळ्यांकडे जरा निरखून बघितलं. "बरं," त्या म्हणाल्या, "उतरते मी."

ज्योतिष्याचा फोन त्याच क्षणी आला.

"साहेब, हे काय ऐकतोय? तांत्रिक बिघाड लिहा ना. यंत्राला बिघाड शोभतो."

"यंत्र ठणठणीत आहे."

"मग पोट बिघडलं लिहा."

"पोटही ठणठणीत आहे. मला झोप येतेय."

"अहो, पत्रिकेत तुमची साडेदहा तासांची विश्रांती स्वच्छ दिसतेय!"

"तुम्हाला दिसतेय. तिथे बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुमचं काय जातं?" बोलून गेल्यावर कॅप्टनांना पुन्हा उंट आठवला आणि त्यांना हसू फुटलं. पलीकडे ते हसू ऐकून ज्योतिष्याचा आवाज मऊ झाला. माणूस कामातून गेला, असं त्याला वाटलं असावं.

"साहेब, सोमवारी तुमची भेट आहे. मी तुमच्या भल्याचं सांगतो."

"माहितेय," कॅप्टन म्हणाले. "फॉर्मवर 'थकवा' लिहा. स्पेलिंग सांगू?"

ते घरी गेले आणि चौदा तास झोपले. शनिवारी दुपारी उठल्यावर पाकिटं पडलेली दिसली. सोमवारची भेट रद्द झाल्याचं एक, चौकशीचं दुसरं.

चौकशी समितीत तिघे होते. त्यांनी कॉकपिटचं ध्वनिमुद्रण ऐकलं. 'फ्लॅप्स? पाच' हे एकदा ऐकलं. 'उंट? बांधला' हे सहा वेळा.

"हा उंट कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

कॅप्टनांनी सांगितलं.

"म्हणजे उड्डाणाच्या तोंडावर कॉकपिटमध्ये असंबद्ध संभाषण झालं."

"झालं. त्या असंबद्ध संभाषणामुळेच आम्ही काट्याकडे बघितलं."

"फ्लॅप्स राहिले तर भोंगा वाजतो," दुसरे सदस्य म्हणाले. "तुम्ही वेग वाढवताच वाजला असता. तेव्हा सुरक्षेला बाधा पोचली नव्हती."

"भोंगा चालू आहे की नाही, हे सकाळी यादीतच तपासतात."

"मग? तपासलं होतं ना?"

"हो."

"कुणी?"

"मी," कॅप्टन म्हणाले.

तिघांनी आपापल्या कागदांकडे बघितलं. तिसऱ्या सदस्यांनी विषय बदलला. रेडिओवर 'आम्हीपण' म्हणणारी बाई कोण, याच्या शोधात पुढचे चार दिवस गेले. ती सापडली नाही. पाच दिवसांची पत्रिका तपासायला वीस मिनिटं पुरली, कारण ती नियमाला धरून होती.

निकाल लागला. नवरदेवाला पंधरा दिवस निलंबित केलं. लग्नानंतर त्याला सलग मिळालेली ही पहिलीच सुट्टी. त्याने फोन करून काकांचे आभार मानले तेव्हा मागून बायकोचाही आवाज येत होता. कॅप्टनांना यादीवाचनाचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायला लावलं. प्रशिक्षक रात्रीच्या फेरीवरून थेट वर्गात आला होता. 'बघायचं, मग बोलायचं' हे वाक्य त्याने पुस्तिकेतून दोनदा वाचून दाखवलं, कारण एकदा वाचल्याचं त्याला आठवत नव्हतं. सुरक्षा-प्रमुखाची खुर्ची ज्योतिष्याला मिळाली. त्याने एकदाही थकल्याची तक्रार केली नव्हती.

पहिलं परिपत्रक त्यानेच काढलं. 'यादीत नसलेल्या कोणत्याही प्राण्याचा उल्लेख कॉकपिटमध्ये करू नये.' वार्षिक अहवालात थकव्याच्या तक्रारींपुढे शून्याच्या जागी एक आला, पण खाली बारीक अक्षरांत टीप होती, 'प्राणीविषयक उल्लेखामुळे ग्राह्य धरलेली नाही.' म्हणजे पुन्हा शून्यच.

कॅप्टन कामावर परतले त्या दिवशी साडेदहाची हजेरी होती. आदल्या रात्री ते नऊ तास झोपले होते. स्टुलावर बसून त्यांनी दोन्ही बूट घातले. बायको नेहमीसारखी दारात उभी राहिली.

"किल्ली?"

त्यांनी खिशातून किल्ली काढली, बघितली, परत ठेवली. "घेतली."

"चष्मा?"

हात डोळ्यांवर गेला. "घेतला."

"ओळखपत्र?"

"घेतलं." गळ्यातलं ओळखपत्र उलटं होतं, ते त्यांनी सरळ केलं.

बायको क्षणभर थांबली. आत लेकीचा चमचा बशीत थांबला.

"उंट बांधला?"

कॅप्टन उठले, बाल्कनीत गेले आणि कठड्यावरून वाकून खाली बघू लागले. पार्किंगमध्ये दोन स्कूटर होत्या, शेजाऱ्यांची धुऊन काढलेली गाडी होती, आणि एका खांबाला कुणाची तरी सायकल साखळीने बांधलेली होती. त्यांनी डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. मग घरात आले.

"नाही," ते म्हणाले. "आपल्याकडे उंट नाहीये."

"जा आता," बायको म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.